देवीचं बोलणं मी सांगायची

कुणाचं भलं व्हावं म्हणून हे लिहितेय, असं मी आईच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ते खोटं आहे. त्यांच्याकडे आजारी आईला किंवा बापाला हाताला धरून घेऊन येणारी मुलं असतात. त्यांना वाचायला काहीतरी हवं, तुम्ही तीस वर्षं आईचं केलंत, तुम्ही लिहा, असं त्या म्हणाल्या. मी बोलणारी बाई नाही. शाळेत वर्गावर बोलायचं तेवढं बोलते. तरी हो म्हटलं, आणि कागद पुढे ओढला तेव्हा जे वर आलं ते भलं नव्हतं, राग होता. माझ्या आईला ज्यांनी आधी देवी केली आणि मग वेडी म्हणून दारं लावून घेतली, त्यांच्याबद्दल लिहावं आणि त्यांच्या मुलांनी ते वाचावं, एवढ्यासाठी मी लिहितेय.

आई गेल्या वर्षी गेली. आता कुणाला लपवायचं राहिलं नाही. त्या माणसांत मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

पाणी

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर. आई, बाबा, मी बारा वर्षांची, शालू सहा वर्षांची, आणि बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. बाबा गिरणीत विणकर. आत्या दुसऱ्या एका गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा गेला होता. ती मोठ्याने बोलायची, तंबाखू खायची, आणि आमच्या घरात जे कुणाला करायला नको असायचं ते करायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. बाबा स्वयंसेवक. त्यांचा पाय घरात ठरत नव्हता. सभा, मोर्चे, भिंती रंगवणं. आईने एकच तांब्या सकाळपासून दुपारपर्यंत घासायला सुरुवात केली, ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. बोटांची सालं निघेपर्यंत ती घासायची. मग एक दिवस म्हणाली, "सुमे, नळाच्या पाण्यात इख घातलानी. पिऊ नुको."

संचारबंदी लागली त्यातला एक दिवस मी विसरलेली नाही. बाबा कुठे होते माहीत नव्हतं. आईने घरातलं सगळं पाणी मोरीत ओतलं आणि पिंपाला पाठ लावून बसली. सकाळपासून आम्ही दोघी कोरड्या. शालूची जीभ पांढरी झाली होती, ती चिंचेचा गोळा चोखत होती. आत्याने शेजारून कळशी आणली, आईने लाथेने उडवली. दुसरी आणली, ती उडवली. तेव्हा आत्याने आपल्या जुन्या लुगड्याने आईचे दोन्ही हात खाटेला बांधले, आणि तिसऱ्या कळशीतलं पाणी आम्हाला पाजलं.

आई ओरडत होती, "मरतीत गो पोरी माझी, मरतीत."

मी पाणी प्यायले. घटाघटा प्यायले. तोंडात पाणी असतानाच मी आत्याचा द्वेष करायला लागले.

केस

माझे केस गुडघ्याला दोन बोटं कमी होते. आई रोज खोबरेल चोपडून घालायची वेणी. ते बंद झालं आणि उवा झाल्या. शिमग्याच्या आधी एका रविवारी आत्याने मला गॅलरीत बसवलं आणि कात्रीने कानापर्यंत केस कापले. मी रडले तर मानेवर एक फटका.

"गप. केस वाढतीत. डोक्यात जखम झाली मगे कोण बघतला? तुझी आवस?"

शाळेत मुली मला "ए पोरा" म्हणायला लागल्या. एकेकीचं नाव मला आजही पाठ आहे. आत्या दोन पाळ्यांच्या मधे येऊन आमचा भात शिजवत होती, शालूला न्हाऊ घालत होती, हे मला तेव्हा मोजायचंच नव्हतं. तिने आईला बांधलं आणि माझे केस कापले, एवढंच मी मनात धरून ठेवलं.

शुक्रवार

चैत्रात शेजारच्या परबकाकूंकडे आरती होती. घंटा वाजायला लागली तशी आईने केस सोडले, घुमायला लागली, जमिनीवर हात आपटले. मी घाबरले. परबकाकूंनी मात्र पदर पसरला.

"गे बाये! वारा इला. देवी इली आमच्या चाळीत."

पाच मिनिटांत तिची ओटी भरली. कालपर्यंत जिच्या हातचं हळदीकुंकू कुणी घेत नव्हतं तिच्या पाया पडायला रांग लागली. बाबा आले. दारातच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. ते हायसं वाटणं होतं. बायको वेडी असलेला माणूस आत आला आणि देवीचा नवरा होऊन बाहेर गेला.

तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे बसणं सुरू झालं. आई घुमायची आणि पुटपुटायची. काय ते कुणाला कळायचं नाही. पहिल्याच शुक्रवारी परबकाकू मला म्हणाल्या, "तू जवळची. कान लाव. काय म्हणता सांग."

मी कान लावला. आई म्हणत होती, "पाणी. इख. पोरी."

बाया वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "देवी म्हणते, नवस फेडायचा राहिलाय."

एक बाई हंबरडा फोडून रडली. तिचा खरंच राहिला होता. कुणाचा राहिलेला नसतो?

तिथून मी शिकले. ज्या मुलीने मला पोरा म्हटलं तिच्या आईला देवीने सांगितलं, मुलीला सात शुक्रवार मीठ देऊ नको. शाळेत ती मला विचारायची, "ए, तुझ्या आईच्या अंगातली देवी मिठावर एवढी का चिडलीय गं?" मी म्हणायची, "तिला विचार." मला हसू दाबता यायचं नाही.

एकदा बाबांचे चळवळीतले चार मित्र आले. त्यातला एक, सभेत पेटी वाजवायचा तो, टोपी काढून पुढे बसला.

"आई, एकच विचारायचंय. मुंबई मिळणार का महाराष्ट्राला?"

आई म्हणाली, "पाणी."

मी म्हटलं, "मिळणार. पण अजून रक्त सांडेल."

दुसरे दिवशी सगळ्या लालबागला ते माहीत होतं. बाबांनी मला जवळ घेतलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, असंच चालू राहावं. आई बरी व्हावी असं तेव्हा मला वाटत नव्हतं, हे आज लिहिताना हात थांबतो. पण नव्हतं वाटत.

परळचा कागद

आत्या शुक्रवारी खोलीत थांबायची नाही. जिन्यात जाऊन बसायची. गणपती आठवड्यावर आले होते तेव्हा ती परळच्या इस्पितळातून केसपेपर काढून घेऊन आली. तिने गिरणीत पाळी बदलून घेतली होती.

बाबांना म्हणाली, "सोमवारी मी हिका न्हेतंय. ह्या देवी नाय, आजार आसा. आमच्या खात्यातल्या एका बायेच्या सुनेक असाच झाला होता. आता नवी गोळी इली आसा."

"आका, लोक काय म्हणतील?"

"लोक तिका जेवूक घालतत? तिना चार दिवस काय खावक नाय. बघलंस तू?"

मी आतून ऐकत होते. मला एवढंच कळलं की आत्या आईला वेड्यांच्या इस्पितळात टाकणार, आणि तिथे पुन्हा तिचे हात बांधणार.

सोमवारच्या आधी शुक्रवार होता.

त्या शुक्रवारी मी शालूला पाठवून आत्याला जिन्यातून आत बोलावलं. देवीने बोलावलंय म्हणून. ती आली, दाराशी उभी राहिली. खोलीत पंधरा बाया, बाबा हात जोडून. आई घुमत होती. मी कान लावला. आई म्हणाली, "पाणी नुको. पाणी नुको."

मी म्हटलं, आणि देवीच्या थाटात म्हटलं, "ह्या बायेन आपलो घोव खाल्ल्यान. आता ह्या घराक खातली. हिका भायर काढा."

हे मला सुचलं नव्हतं. हिने नवरा खाल्ला, हेच चाळीतल्या बाया नळावर कुजबुजायच्या, मी ते उचललं. म्हणूनच ते इतकं चपखल बसलं. परबकाकूंनी लगेच मान डोलावली, "आमी कधीपासून म्हणतो." एकीने आत्याच्या वाऱ्यातून आपलं मूल बाजूला ओढलं.

आत्याने आईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"सुमे. ह्या ती नाय बोलणा. तू बोलतंस."

बाबा उठले. "आका, देवीच्या तोंडाला लागू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती आपली ट्रंक डोक्यावर घेऊन जिना उतरली. कुणी हात लावला नाही. एकाही भावकीच्या घरात तिला जागा मिळाली नाही, देवीने सांगितलं होतं ना. तिला ठेवून घेतलं तिच्या खात्यातल्या जनाबाईने, भायखळ्याला. जनाबाईच्या घराने त्याच सुमारास बौद्ध धर्म घेतला. परबकाकू नळावर म्हणाल्या, "बघितलात? गेली ती गेली, वर बाटली." हे मी त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यांच्या मुली आहेत. वाचावं त्यांनी.

कापूर

आत्या गेल्यावर आईला अडवणारं कुणी राहिलं नाही. ती जेवत नव्हती तर देवीचा उपास म्हणायचे. झोपत नव्हती तर देवी जागी आहे. मग कुणीतरी काढलं की खरी देवी असेल तर हातावर कापूर जाळून दाखवावा. परबकाकूंनीच वडी ठेवली. आईने हात हलवला नाही. बाया धन्य झाल्या. मग दर शुक्रवारी कापूर.

मी शेजारी बसलेली. तळहाताला फोड आला, फुटला, त्यावर पुढचा कापूर. मला "नको" म्हणता आलं असतं. मी देवीचं तोंड होते, माझ्या एका शब्दाने थांबलं असतं. पण रांग वाढत होती, बाबा खुशीत होते, आणि मला वाटायचं पुढच्या शुक्रवारी सांगू.

शुक्रवार सुरू होऊन वर्ष होत आलं तेव्हा आईच्या हाताला वास यायला लागला. मनगटापर्यंत सूज. शालू म्हणाली, "ताई, आईच्या हातात काहीतरी मेलंय." ती सात वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी चालत भायखळ्याला गेले.

आत्या पाळीवरून नुकतीच आली होती, चूल पेटवत होती. जनाबाईने मला पाट दिला, पाणी दिलं. मी हाताचं सांगितलं. आत्याने शिव्या दिल्या नाहीत. त्या मला हव्या होत्या.

"बापाशीक सांग."

"बाबा ऐकत नाहीत. देवीला विचारल्याशिवाय नाही म्हणतात."

तिने फुंकणीने चूल फुंकली. मग म्हणाली, "मगे देवीकच सांगूक लाव. तुझ्या तोंडान गेला ना सगळा? तुझ्याच तोंडान येऊ दे. मी जिन्यात थांबतंय."

शुक्रवारी ती खरंच आली. दार उघडं होतं, जिन्याच्या कठड्याशी तिचा पदर मला दिसत होता. परबकाकूंनी कापराची डबी उघडली. आई काहीच बोलत नव्हती, नुसती थरथरत होती. मी तरी कान लावला आणि म्हटलं, "कापूर नुको. माका परळाक न्हेवा. थंय माझी जागा आसा. आणि मी परत येयसर माझ्या पोरींका परबीण जेवूक घालीत. दोनय वेळा."

परबकाकूंचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. "माका? देवी, माका कित्या?"

"परबीण," मी परत म्हटलं. त्यांनी तीन महिने आम्हाला जेवू घातलं, रोज कण्हत. त्या जेवणाची चव मला अजून आठवते. फार गोड लागायचं.

आणि आत्या जिन्यात उभी होती. आणखी एकच वाक्य म्हणायचं होतं. देवीने म्हणायचं होतं की त्या बायेचा दोष नाही, तिला घरात घ्या. तिथल्या तिथे सगळ्यांनी तिचे पाय धरले असते. माझ्या जिभेवर होतं ते वाक्य. मी ते गिळलं. केस तोवर खांद्यापर्यंत वाढले होते. तरीही गिळलं.

परळ

डॉक्टर तरुण होते, गुजराती. बाबा ऐकूनच ताठ झाले, "ह्यांच्याकडून औषध घ्यायचं?" आत्या मागून म्हणाली, "तुझी मुंबई मगे घे. आधी तिचो हात दाखव." बाबा बसले.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि बाबांना बाहेर पाठवलं. मला विचारलं, "आई काय बोलते? तू सांगते ते नको. ती बोलते ते सांग."

"पाणी. इख. पोरी मरतील."

"बस?"

"बस."

"आणि देवी?"

मी मान खाली घातली. ते लिहीत राहिले. त्या आजाराचं नाव त्यांनी बाबांना सांगितलं, बाबांनी ते कधी उच्चारलं नाही. घरी आम्ही "परळचा आजार" म्हणायचो.

तीन महिने. आधी हात, मग वरचा बायकांचा वॉर्ड. आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी शॉक. त्या दिवशी आईला माझं नाव आठवायचं नाही, पण शालूला ती कुशीत घ्यायची. चार वाजता आम्ही पेजेचा डबा घेऊन फाटकाशी उभ्या. वॉर्डातली आया, मंगलोरची, आईचे केस विंचरून अंबाडा घालायची. त्यासाठी तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा आई घोटभर पाणी प्यायली, माझ्यासमोर, नळाचं. मी वॉर्डाबाहेर जाऊन बसले.

मुलांनो, डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासाठी लिहायला सांगितलं म्हणून हे एवढं तुमच्यासाठी. तुमच्या आईचं बोलणं मोठ्यांना समजावून सांगायचं काम तुमच्यावर पडेल. जेवढं ऐकलंत तेवढंच सांगा. तुम्हाला घरात किंमत येईल, सगळे तुमच्याकडे बघतील, तेव्हाही तेवढंच सांगा.

आई घरी आली आणि चाळीने तिला ओळखायचं बंद केलं. ज्या बाया पाया पडत होत्या त्या मुलांना म्हणायच्या, "तिच्या दाराकडे जाऊ नको, शॉक दिलेली हाय." बाबांना मात्र सगळ्यांनी मान दिला. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत सत्कार झाला, शाल दिली. बाबा भाषणात म्हणाले, "मला घराची चिंता नव्हती, घर देवी सांभाळत होती." टाळ्या पडल्या. आई मागे गोळ्यांच्या गुंगीत बसली होती, उजवा हात पदराखाली. तिची तीन बोटं मिटायची नाहीत. बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. लोकांनी त्याचंही काहीबाही केलं.

माफी

मी बावीस वर्षांची झाले, नोकरीला लागले. आई पुष्कळ सावरली होती. एका दुपारी ती नळावरून रिकामी कळशी घेऊन परत आली.

"सुमे, मी वन्संका घराभायर काढलंय?"

"कोण म्हणालं?"

"परबीण. म्हणता, तुमीच तर देवी होऊन तिका घालवल्यात, आता कित्या विचारतास ती येणा नाय म्हणून." ती जमिनीवर बसली. "माका काय आठवणा नाय गो. काय बोललंय मी त्यांका?"

मी म्हटलं, "आजारात बोलली असशील काहीतरी."

तिने मग जेवण सोडलं. पुन्हा ते सुरू होतंय की काय या भीतीने मीच तिला भायखळ्याला घेऊन गेले. तेव्हा आत्या पन्नाशी ओलांडलेली, कापसाच्या धुळीने छाती भरलेली, खोकत होती. आईने चप्पल काढली आणि उंबऱ्यातच तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"वन्सं, माझ्या तोंडातसून गेला. मी पापी. तुमचो घोव काढलंय मी. माका माफ करा."

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही लगेच. ती माझ्याकडे पाहत होती. अगदी त्या शुक्रवारसारखी नाही. रागाने नाही. वाट पाहत होती. जनाबाई आत भांडी लावायची थांबली होती.

मी भिंतीकडे पाहिलं.

मग आत्याने आईला खांद्याला धरून उठवलं. "उठ गो. आजारी माणसाचो राग कोण धरता? तू काय बोललंस ता तुका ठाऊक होता?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमे, च्या ठेव."

मी चहा ठेवला. दोघी पलंगावर बसून बोलत होत्या. आई हसलीसुद्धा. निघताना आत्याने, विधवा असून, तिची ओटी भरली.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "किती मोठ्या मनाची बाय. आता माका हलका वाटता." त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी तिच्या समोर बसले होते. मला बोलायचं होतं आणि मी म्हटलं, भात अजून देऊ?

दोन वर्षांनी आत्या गेली. त्यानंतर आई वीस वर्षं जगली, आणि दर श्राद्धपक्षात आत्याचं पान वाढताना हात जोडून म्हणायची, "वन्सं, मी वायट बोललंय तुमका."

आई, ते तू बोलली नव्हतीस. तू फक्त पाणी नको म्हणाली होतीस.